सिंगापूर ते दापोली, पायी

"सिंगापूरहून दापोलीला चालत जायचंय. येतेस का?" दादाचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. मोजणी चुकली.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आणि बँकेत असताना जेवढे ताळेबंद जुळवले नसतील तेवढे आता ट्रेकचे जुळवतो. त्याचं सिंगापूर घाटमाथ्यावरचं: वेल्ह्याच्या पश्चिमेला, मोहरीच्या शेजारी, जिथे देश संपतो आणि खाली कोकण सुरू होतं तिथली छोटीशी वस्ती. तिथून जी नाळ, म्हणजे कड्यातल्या घळीतून जाणारी वाट, उतरते ती ज्या गावात जाते त्याचंही नाव दापोली. ही महाड तालुक्यातली. आपल्याला जायचं होतं दुसऱ्या, समुद्राजवळच्या दापोलीला. मधे रायगड, महाड, बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. आठ दिवस धरले होते, नऊ लागले.

तयारीबद्दल आधीच सांगते, कारण बऱ्याच जणांनी तेच विचारलं. दादाने वहीत प्रत्येक दिवसाला एक पान दिलं होतं. डोंगरातल्या पानांवर किलोमीटर नव्हतेच, फक्त तास आणि पाणी: इथून इथे तीन तास, मधे पाणी नाही. किनाऱ्यावरच्या पानांवर फक्त भरती-ओहोटी. आणि सगळा कार्यक्रम त्याने शेवटाकडून पहिल्या दिवसाकडे आखला होता. वाळूवरून चालायचं तर ओहोटी सकाळी हवी, आणि पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी ती साधारण आठ ते दहाच्या दरम्यान येते. शिवाय संकष्टीला आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला पोचायचं, हा त्याचा हट्ट. मग मागे मोजत मोजत निघायचा दिवस ठरला माघातली त्रयोदशी. वेळासला कासवांची पिल्लं बाहेर पडायचा हंगामही साधारण तोच, हा बोनस.

पहिला दिवस: वेल्हे – तोरणा – हारपूड

आदल्या रात्री वेल्ह्यात मुक्काम. पहाटे साडेपाचला डोक्याला टॉर्च लावून चढायला लागलो. राजगडापासून सुरुवात करणारे बरेच असतात, पण आमचा राजगड चार-पाचदा झालाय, तेव्हा तो समोरून बघण्यावर समाधान मानलं. तोरण्याची चढण सोपी नाही. उंची १,४०० मीटरच्या आसपास, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि प्रचंडगड हे नाव कुणी उगीच ठेवलेलं नाही हे बिनी दरवाजाच्या आधीच्या कातळावर पोटऱ्या सांगतात.

मेंगाईच्या देवळाशी बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. सकाळचं धुकं कानंद खोऱ्यात साचलं होतं आणि त्यातून राजगडाचा बालेकिल्ला तेवढा वर. गर्दी यायच्या आत कोकण दरवाजातून बुधला माचीकडे सटकलो. बुधला म्हणजे तेलाचा बुधला, उपडा ठेवलेला. माचीवरचा तो सुळका खरंच तसा दिसतो. इथून पुढे शनिवार-रविवारची गर्दी संपते. माचीवरून हारपूडच्या बाजूला उतरणारी वाट घसाऱ्याची आहे, कारवीची वाळकी खोडं धरत उतरावं लागतं. एक खोड माझ्या हातात आलं. मुळासकट. मी बसत बसत दहा फूट गेले. पँटचं जे झालं ते झालं.

हारपूडमध्ये एका घराच्या ओटीवर सॅक टाकल्या. घरातल्या मावशींनी आधी पाणी दिलं, मग नाव-गाव विचारलं, आणि मग "ह्यो कोन तुजा?" असं दादाकडे बोट करून. भाऊ म्हटल्यावर त्या मोकळेपणाने बोलायला लागल्या. रात्री तांदळाची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, शेवटी दादाने नातवाच्या हातात ठेवले. या पट्ट्यात जाणार असाल तर सुटे पैसे जवळ ठेवा. मोबाइलला रेंज नाही, मग पुढचं सगळं आलंच.

पाणी: तोरण्यानंतर हारपूडपर्यंत भरवशाचं पाणी आम्हाला मिळालं नाही. माणशी तीन लिटर गडावरून भरूनच निघालो होतो, म्हणून निभावलं.

दुसरा दिवस: हारपूड – मोहरी – रायलिंग पठार

आजचा दिवस सोपा, असं वहीत लिहिलं होतं. तसा तो सोपाच. कच्चे रस्ते, मधे धनगरांची घरं, गवताने पिवळी पडलेली पठारं. पण ऊन! फेब्रुवारीचं ऊन सकाळी नऊपर्यंत गोड वाटतं आणि अकराला पाठीत बसतं. एका उंबराखाली दीड तास काढला. दादा झोपला, मी मुंग्यांची रांग बघत बसले.

मोहरीला चारच्या सुमारास पोचलो. लिंगाण्याच्या सुळक्यावर चढाई करणारे इथेच मुक्काम करतात, त्यामुळे जेवणा-राहण्याची सोय होते. ज्यांच्याकडे उतरलो त्या घरात नव्वदीच्या जवळच्या एक आजी होत्या. आम्ही नाळेने उतरणार म्हटल्यावर त्यांनी चुलीपुढून मान वर केली. "माझं सासरं जायाचं नाळंनं. म्हाडच्या बाजाराला. डोक्यावर वझं." काय न्यायचे, विचारलं. हिरडा, नाचणी, कधी तूप. आणि येताना? "मीठ. आन् सुकट." किती वेळ लागायचा, हे दादाने वही उघडून विचारलं. आजींना प्रश्नच कळला नाही. सकाळी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला यायचा, यापलीकडे त्याला वेळ कसला लावायचा!

मीठ या वाटेने वर यायचं. बाणकोटच्या खाडीतून गलबतं सावित्रीने आत महाडच्या बाजूला यायची, तिथून पुढे माणसाच्या डोक्यावर किंवा बैलाच्या पाठीवर घाट. म्हणजे दादाने वहीत जो 'नवीन रूट' म्हणून आखला होता तो आजींच्या सासऱ्यांचा बाजाराचा रस्ता निघाला. दादाने ती ओळ खोडली, हे मी पाहिलं.

संध्याकाळी रायलिंग पठारावर गेलो. पठाराच्या कडेला पोट टेकून झोपलं की समोर लिंगाणा. मधे फक्त दरी. शिवकाळात या सुळक्यावर कैदी ठेवत. बघितल्यावर पहारेकऱ्यांचीच दया आली. त्याच्या मागे रायगडाचं पठार, निळं, सपाट, जगदीश्वराचं देऊळ ओळखू येईल न येईल इतपत. सूर्य रायगडापलीकडे गेला आणि पाठीमागे चतुर्दशीचा चंद्र आधीच वर आलेला होता. परतताना टॉर्च लावायची गरज पडली नाही. कडेला वारा जबरदस्त असतो, उभं राहून फोटो काढायची हौस नको.

तिसरा दिवस: सिंगापूर नाळ – दापोली – वारंगी

इथे गणित फिसकटलं.

मोहरीतून खाली जायला दोन नाळा प्रसिद्ध. बोराट्याची नाळ लिंगाण्याच्या खिंडीकडे जाते. मोठमोठे धोंडे, खडी, उतार अंगावर येणारा. सिंगापूर नाळ त्यामानाने बरी, मळलेली. पाठीवर नऊ-दहा किलो असल्यामुळे आम्ही दुसरी घेतली. गावातला एक मुलगा वाट दाखवायला आला, कॉलेजला सुट्टी होती म्हणे. पायात रबरी चप्पल. तो पुढे जाऊन दगडावर बसायचा, आम्ही पोचलो की उठायचा. म्हणजे विश्रांती फक्त त्यालाच.

उतार साधारण दोन हजार फुटांचा. पहिल्या तासाभरात माझ्या उजव्या पायाचा अंगठा बुटाच्या टोकाला आपटायला लागला. दर पावलाला. मी लक्ष दिलं नाही. खाली पोचेपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी-निळी. बूट जुने होते, चांगले होते, पायात रुळलेले होते. चूक अगदी बारीक: निघण्याआधी नखं कापली नव्हती. आणि उतारावर बुटाच्या नाड्या घोट्याशी घट्ट आवळायच्या असतात म्हणजे पाय पुढे सरकत नाही, हे मला पंचवीस वर्षं ट्रेक करून माहीत असूनही मी आवळल्या नव्हत्या. वहीत पाण्याचं प्रत्येक टाकं लिहिलेलं होतं, नेलकटर नव्हता.

"दापोली आली," असं दादा घरं दिसल्यावर ओरडला. "ट्रेक संपला, चला घरी." त्याला हसू आवरेना. मला तेव्हा फार विनोदी वाटलं नाही.

पौर्णिमेला रायगडवाडीत असायचं होतं. वारंगीच्या पुढे मी जाऊ शकले नाही. गावातल्या एका काकूंनी कोमट पाण्यात मीठ घालून घमेलं दिलं, त्यात पाय बुडवून बसले. वरून जे मीठ न्यायला लोक खाली यायचे ते मी असं वापरलं.

नाळेबद्दल दोन गोष्टी. पावसाळ्यात या नाळा पाण्याच्या वाटा असतात, तेव्हा उतरायच्या नसतात. आणि वाट मळलेली दिसली तरी गावातला माणूस बरोबर घ्या; वरच्या टप्प्यात गुरांच्या वाटा फुटतात आणि त्या सगळ्याच मळलेल्या आहेत.

चौथा दिवस: वारंगी – छत्री निजामपूर – रायगडवाडी

अर्धाच दिवस, लंगडत. अंगठ्यांना कापूस आणि चिकटपट्टी, पायात सँडल, बूट सॅकला लटकवलेले. काळ नदीच्या खोऱ्यातली ही चाल एरवी दोन-तीन तासांची असेल, मला पाच लागले. पण त्यामुळे रायगडाचं टकमक टोक खालून बघायला भरपूर वेळ मिळाला. छत्री निजामपूरची गोष्ट तुम्हाला माहीत असेल: टकमक टोकावर महाराजांवर छत्री धरलेला सेवक वाऱ्याने उडाला, छत्री सोडली नाही, आणि तरंगत सुखरूप या गावात उतरला. वाचताना ती दंतकथा वाटते. खाली उभं राहून वर मान केली की ती आणखीनच दंतकथा वाटते.

रायगडवाडीत दुपारी पोचून मी झोपले. दादाने वही काढून सगळ्या तारखा एकेक दिवस पुढे केल्या. संकष्टीपाशी थांबला, थोडा वेळ पेन तसंच धरलं, मग तिथेही बाण काढला. आंजर्ल्याऐवजी केळशी. काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

पाचवा दिवस: रायगड – पाचाड – महाड

रायगडावर नवीन काय लिहिणार? चित दरवाजातून चढलो, चौदाशेच्या वर पायऱ्या, अंगठ्यांना चढाचा त्रास नसतो त्यामुळे मी दादाच्या पुढे. राजसदर, बाजारपेठ, गंगासागर, शाळेच्या दोन सहली, गाईडचा खणखणीत आवाज, "जून १६७४!" आणि मुलांचं "जय!"

मी मात्र जगदीश्वराच्या दाराशी रेंगाळले. पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' असं कोरून खाली हिरोजी इंदुलकरांनी आपलं नाव घातलंय. गड बांधणाऱ्याने आपली सही देवळात येणाऱ्याच्या पायाखाली ठेवली. अक्षरं झिजली आहेत, बोटाने चाचपली तर लागतात. एक बाई मुलाला सांगत होत्या, "त्यावर पाय नको देऊ." मुलगा म्हणाला, "पण त्यांनी तर त्यासाठीच लिहिलंय ना?" आईने उत्तर दिलं नाही.

उतरताना रोपवे घेतला. हो, घेतला. अंगठे माझे होते. खाली पाचाडला जिजाऊंच्या समाधीशी दहा मिनिटं बसलो, झाडांची दाट सावली, कुणीच नाही. राज्याभिषेकानंतर दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा त्या गेल्या. तिथून टमटमने महाड. संध्याकाळी चवदार तळ्याला चक्कर मारून आलो. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी इथल्या पाण्याची ओंजळ उचलली. काठावर मुलं वह्या घेऊन अभ्यासाला बसली होती.

सहावा दिवस: महाड – बाणकोट – वेळास

मूळ बेत असा की सावित्रीच्या कडेकडेने चालत बाणकोटला जायचं. महाडबाहेर हायवेला एक तास चाललो, ट्रकचा धुरळा खाल्ला, आणि दादाने वहीतलं ते पान दुमडलं. एसटीने मंडणगड, तिथून दुसरी गाडी बाणकोट. 'पायी' म्हणणाऱ्या शीर्षकात ही खोट आहे, ते कबूल. पण डांबरावरून चालण्यात कसलंच पुण्य नाही असं माझं मत आहे, आणि एसटीच्या खिडकीतून खाडी छान दिसते.

बाणकोटचा किल्ला लहान आहे, जांभ्याचा. तटावर उभं राहिलं की सावित्री समुद्राला मिळते ती जागा आणि पलीकडे हरिहरेश्वराचा डोंगर. इंग्रजांनी घेतल्यावर याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. सहा दिवसांपूर्वी कातळ काळा होता, आता लाल. दगडाचा रंग बदलला तेव्हा खरं कोकणात आल्यासारखं झालं. वाऱ्याला खारट वास.

वेळास इथून चालत तासाभरावर. नाना फडणविसांचं हे मूळ गाव, पण आता माणसं येतात ती कासवांसाठी. समुद्री कासवांची (ऑलिव्ह रिडले) अंडी पूर्वी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून घरटी राखायला सुरुवात केली. अंडी उचलून किनाऱ्यावरच्या कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. संध्याकाळी खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या उघडून बघितल्या. काही नाही. दोनशे माणसं दोरीपलीकडे उभी, सगळ्यांचे चेहरे पडले. टोपल्या राखणारा मुलगा म्हणाला, "सकाळी या. ती काही आपल्याला विचारून येत नाहीत."

मुक्काम गावातल्या घरात. फणसाच्या कुयरीची भाजी, आमटी, भात, सोलकढी. हंगामात शनिवार-रविवारी जागा मिळत नाही, आधी फोन करून ठेवा.

सातवा दिवस: वेळास – साखरी – केळशी

सकाळी सात. टोपली उचलली आणि वाळू हलत होती. अकरा पिल्लं. प्रत्येक माझ्या तळहाताच्या निम्मं, काळपट, अंगावर ओली वाळू. पाण्यापासून वीसेक पावलांवर सोडतात, म्हणजे स्वतः चालत जाऊन तो किनारा त्यांच्या ओळखीचा होतो असं मानतात. दहा सरळ गेली. एक उलट तोंड करून आमच्याकडे यायला लागलं. कुणीतरी "अरे, अरे" केलं. राखणदाराने हात आडवा धरला: हात लावायचा नाही. ते थांबलं, एक लाट जरा पुढपर्यंत आली, त्याच्या अंगाला लागली, आणि ते वळलं. वाळूवर त्याचा माग बघितला, तर इंग्रजी यू सारखा.

यजमानीणबाईंनी दादाची संकष्टी लक्षात ठेवून साबुदाण्याची खिचडी केली होती. नऊच्या पुढे निघालो. डोंगर ओलांडून साखरीला, तिथे भारजा नदीची खाडी आडवी. पलीकडे केळशी, वाळूची टेकडी समोर दिसतेय, आणि पाणी मधे. जाळं विणत बसलेल्या एका आजोबांना विचारलं, सोडाल का?

"सोडीन. बसा जरा, पाणी चढूंदे." किती वेळ, म्हणून दादाने वही काढली. तीन पानं भरून भरती-ओहोटीच्या वेळा, इंटरनेटवरून उतरवलेल्या. आजोबांनी एकदा वहीकडे बघितलं, एकदा दादाकडे.

"आज तिथ कंची?"

"चतुर्थी."

"चार पाऊण?"

"तीन."

"मग तीनला भरली. नवाला सुकली. परत तीनला भरल. आमच्याकडं अर्धा तास अलीकडं धरायचं. झालं." आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

तिथीला पाऊणपट करायचं, तेवढ्या वाजता पूर्ण भरती; त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. दादा तिथेच वाळूत बसून वहीतल्या एकेक वेळेशी ताडून बघायला लागला. दहा-वीस मिनिटांच्या फरकाने सगळ्या जुळल्या. बँकेत पाढे पाठ असलेला माणूस, पण पावकी-निमकीचा असा उपयोग त्याला कुणी सांगितला नव्हता. पौर्णिमा-अमावास्येजवळचं ते उधाण, अष्टमीजवळचं ते भांगाचं, कमी चढउताराचं पाणी. उधाणात ओहोटी लांब जाते आणि चालायला कडक वाळू भरपूर मिळते, हेही आजोबांनीच सांगितलं. होडीचे दोघांचे शंभर रुपये घेतले. शिकवणीचे काही नाही.

केळशीत नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरी उतरलो. खाडीकाठची ती वाळूची टेकडी जवळून बघितली; डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिच्या थरांवरून जुन्या त्सुनामीची शक्यता मांडली आहे. रात्री चंद्रोदय साडेनऊच्या सुमारास. घरच्या आजींचाही उपास होता. त्यांनी अंगणात जाऊन माडांमधून चंद्र दिसतो का ते तीनदा बघितलं, तिसऱ्यांदा हाक मारली, "अहो, या बाहेर, आला!" मग केळीच्या पानावर उकडीचे मोदक. दादा सात खाऊन थांबला. आंजर्ल्याचा विषय त्याने त्यानंतर काढला नाही.

आठवा दिवस: केळशी – आडे – आंजर्ले

पंचमी. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे सुकती पावणेदहाला, अर्धा तास अलीकडे धरून सव्वानऊ. सगळं पाठ झालं होतं. आणि तरी आम्ही साडेदहाला निघालो, कारण आजींनी घावणे केले, मग नारळाचा रस, मग महालक्ष्मीच्या देवळात जाऊनच या म्हणाल्या.

केळशीचा किनारा लांब, सपाट, माणूस नाही. पायाला गार ओली वाळू, अंगठे खूश. किनारा संपतो तिथे उटंबरचा डोंगर समुद्रात घुसलाय. रस्ता वरून जातो. खडकांवरून कडेकडेने जाता येईल, अंतर वाचेल, असं दादाला वाटलं आणि मलाही वाटलं. नंतर कोणी कोणाला बोल लावायला नको म्हणून लिहितेय. पाऊण तास बरं चाललं. मग मघाशी कोरडे दिसलेले खडक ओले दिसायला लागले. मग मागचे. एका घळीत गुडघाभर पाणी आत-बाहेर करत होतं आणि पलीकडच्या खडकावर कालवांचा थर, सुरीसारखा. दादाने घड्याळ बघितलं: बारा. अजून तीन तास ते चढणार होतं.

मागे फिरलो. येताना जी जागा उडी मारून ओलांडली होती तिथे कमरेपर्यंत भिजलो, माझा तळवा कालवांनी कापला. मग कुणाच्या तरी बागेच्या गडग्यावरून चढून वर सड्यावर, भर उन्हात, एकही झाड नाही. लिटरभर पाणी दोघांत. आड्याला पोचलो तेव्हा तीन वाजले होते, खाडीला पूर्ण भरती. टपरीवर प्रत्येकी दोन कोकम सरबतं, न बोलता.

इथून जाणार असाल तर खडकाळ टोकांना सरळ वरचा रस्ता घ्या. कडेने जायचंच तर सुकतीच्या तासभर आधी टोकाशी हजर हवं, म्हणजे अडलात तर परतायला पाणी उतरतंच असेल. पायात काहीतरी घाला.

संध्याकाळी आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला पायऱ्यांनी चढलो. मूर्ती उजव्या सोंडेची. संकष्टी काल होऊन गेलेली, त्यामुळे देवळात आम्ही आणि एक पुजारी. दादा बराच वेळ गाभाऱ्यासमोर बसला, घाई करायला मागे रांग नव्हती. बाहेर कठड्यावरून सुवर्णदुर्ग दिसतो, पाण्यात ठेवलेल्या ताटासारखा.

नववा दिवस: हर्णै, आणि दापोली

आंजर्ल्याहून पूल ओलांडून हर्णै, जेमतेम दीड-दोन तास. दिवसभर तिथेच काढला. गोवा किल्ला, कनकदुर्ग, आणि चारच्या पुढे बंदरावरचा लिलाव. होड्या लांब उभ्या राहतात, बैलगाड्या थेट पाण्यात शिरून मासळी आणतात. बैलांच्या पोटाला लाटा लागतात आणि ते निवांत. लिलावाची भाषा मला एक अक्षर कळली नाही. एका कोळीणमावशींनी पापलेटं घेऊन शेजारच्या खानावळीत पाठवली, "माज्या नावानं सांग, ताजी तळंल."

दापोलीला शेवटची रिक्षा. दादा पुढे बसला. नऊ दिवस हा क्षण त्याने राखून ठेवला होता, हे मला माहीत होतं. रिक्षावाल्याने अपेक्षेप्रमाणे विचारलं, "कुठून आलात?"

"सिंगापूरहून," दादा म्हणाला. "चालत."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्या पायांकडे, चिकटपट्टीकडे बघितलं.

"मोहरीच्या बाजूचं ना? माझी मावशी वारंगीला दिलेली आहे." गिअर बदलला. "सिंगापूर नाळेनं उतरलात का बोराट्याच्या?"

दादाने वही उघडली आणि त्याला नाळेचं पान दाखवायला लागला. रिक्षा चालवता चालवता तो म्हणाला, "काका, हे आता मला नका दाखवू, पुढं वळण आहे."